सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळतं?

परवा मांजरीहून हडपसरला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बसल्या बसल्या १८९७ चा प्लेग आठवला.

याच भागात, हडपसरच्या ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. मुलगा वाचला. त्यांना मात्र लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

चुटपुट लागते ती पुढेच. बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःलाच टोचून पाहिली होती! फेब्रुवारीत साथरोग कायदाही झाला. पण आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्यांसाठी खास शिक्षा त्यात यायला २०२० साल उजाडलं.

मग १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या मांजरीतल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे ट्रक निघाले. १६ तारखेला लसीकरण सुरू झालं. पहिला मान डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय यांचा. दिल्लीच्या एम्समध्ये तर पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला दिली. १८९७ मध्ये जे सुचलं नव्हतं, ते या वेळी सुचलं म्हणायचं.

हे सगळं मी नर्स असलेल्या भाचीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती जांभई देत म्हणाली, "मामा, लस एकदा मिळते. रात्रपाळी रोज असते. बदली माणूस आलं नाही तर दिवसपाळीही आम्हीच करायची."

असो. इतिहास पुढे सरकलाय खरा, पण तिची झोप अजून बाकी आहे.