दार मिटते का?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात आगरोधक पडदा मध्येच अडकला, बरीच दारे कुलूपबंद. सहाशेवर माणसे गेली.

आमची नात पुण्यात इमारतींची अग्निरोधक दारे तपासते. दार आपोआप मिटते का, फट किती, कोणी पाचर तर मारली नाही ना. सगळे मोबाईलच्या अ‍ॅपवर, फोटोसकट. 2006 च्या कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावे लागते.

मी म्हटले, "हा तर आमचा हजेरीपटच की गं!" पण हजेरी खोटीही लागते, हे मास्तराला ठाऊक. म्हणून तिला एवढेच सांगितले, "दाराला हात लावल्याशिवाय खूण करू नकोस."