लोकसहभागी वन्यजीव नोंद (कोकण किनारा)

संकटग्रस्त प्राणी कोठे आढळले याची माहिती स्थानिक लोकांकडून मिळवून ती संवर्धनासाठी वापरण्याची पद्धत. वेळास (जि. रत्नागिरी) येथे ग्रामस्थ पहाटे वाळूवरील खुणांवरून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात सुरक्षित ठेवली जातात. २०१८ पासूनच्या राज्य योजनेनुसार, जाळ्यात अडकलेला व्हेल शार्कसारखा संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास छायाचित्र वा चित्रफितीच्या आधारे २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यामुळे प्राण्याचा जीव वाचतो व त्याच्या आढळाचा पुरावाही हाती येतो. मात्र नोंदी माणसांचा वावर असलेल्या जागीच अधिक होत असल्याने, नोंद नाही म्हणून प्राणी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.