दिंडीचा आवाज आणि बॅटरीची शिदोरी



आपली दिंडी निघाली तेव्हा आवाज वाढवणारं कोणतंच यंत्र नव्हतं. विणेकऱ्याचा गळा, टाळ, पखवाज आणि चोपदाराचा दंड, एवढ्यावर सारी दिंडी चाले. मुक्कामी गॅसबत्तीच्या उजेडात कीर्तन होई. माणसं मोजकी, जवळजवळ बसत. शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढे टप्प्याटप्प्यानं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत विजेचे खांब आले. वारकरी वाढले, तसे माईक, मशीन आणि भोंगा आले. व्हॉल्व्हच्या जुन्या मशीनला वीज फार लागे. ट्रान्झिस्टरची मशीन आली आणि सोय झाली : तिला २३० व्होल्टची लाइन चाले, तशी गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही.

पण लाइन फुकट मिळते म्हणून आपण बॅटरी विसरलो. मंदिरातली मशीन रोज एकाच बोर्डाला लागते. दिंडीची मशीन रोज नव्या गावच्या बोर्डाला. दिग्रस, पुसद, उमरखेड करत पैनगंगा ओलांडेपर्यंत कुठे लाइन मंद, तर कुठे अर्थिंगचा पत्ता नाही.

अशाच एका मुक्कामी वादळात न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल तुटली की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. बल्ब एकदम पांढरेफटक झाले आणि वर्गणीतून घेतलेली मशीन जळाली. लाल दिव्याचा स्पाइक बोर्ड लावला होता, पण तो क्षणभराचा झटका झेलतो. दाब चढलेलाच राहिला तर तो स्वतःच जळतो. त्यासाठी दाब वाढताच लाइन तोडणारं कटऑफ वेगळं लागतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. बुवांनी कीर्तन तसंच पुढे नेलं. सकाळी एक आजी म्हणाल्या, "मले तं काहीच ऐकू नाही आलं बापा." नुकसान मशीनचं नव्हतं, ते हे होतं.

पुढे २००५ च्या आसपास लोडशेडिंगचे दिवस आले आणि बॅटरी पुन्हा दिंडीत आली. तेव्हापासून रीत ठरली : दिवसा चार्जिंग, कीर्तनाला बसताना चार्जर काढून ठेवायचा. मशीन गावच्या लाइनला लागतच नाही, मग झटका येणार कुठून? बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी निम्मीच वापरायची. मशीन सरासरी ५ अँपिअर घेत असेल, तर दहा तास निघतात. मशीन थेट १२ व्होल्टवर चालते, म्हणून इन्व्हर्टर लागत नाही. साध्या इन्व्हर्टरवर भोंग्यात घूं असा आवाजही येतो. बॅटरीच्या तारेला, लाल टोकाजवळच, फ्यूज हवाच. चार्जिंग मोकळ्या हवेत, समई-उदबत्तीपासून लांब. त्या वेळी निघणारा वायू पेट घेतो. आणि वीज कडकडली की चार्जरची पिन काढा. जवळ पडलेल्या विजेपुढे कोणताच बोर्ड टिकत नाही.

रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, असा २००० सालचा नियम आहे. म्हणून पहाटेचा काकडा अजूनही बिनमशीनचाच होतो. गळा ही पहिली शिदोरी, बॅटरी ही दुसरी. दिंडीत पीठ-मीठ आपण घरून नेतो, यजमानाच्या भरवशावर निघत नाही, आवाजाचंही तसंच. नव्या पोरांनी मशीन सांभाळताना एवढंच पाहावं, शेवटच्या ओळीतल्या आजीला ऐकू येतं का.

राम कृष्ण हरी.