फास्टर फेणे (पुस्तकमालिका)

फास्टर फेणे ही भा. रा. भागवत यांनी लिहिलेली मराठी किशोरवाचकांसाठीची पुस्तकमालिका असून तिच्या नायकाचेही हेच नाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिल्या गेलेल्या या मालिकेत एकूण वीस पुस्तके आहेत. साहस, रहस्य आणि विनोद या तिन्हींचे मिश्रण हे मालिकेचे वैशिष्ट्य होय. नायकाची चपळाई, त्याचा 'ट्टॉक' हा उद्गार आणि लेखकाची शब्दांशी खेळण्याची हौस यांमुळे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांच्या बालपणाशी ही मालिका जोडली गेली आहे. तिच्यावर आधारित दूरदर्शन मालिका आणि मराठी चित्रपटही निघाला आहे.

लेखक

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. मालिकेचा नायक अस्सल पुणे परिसरातला असला, तरी त्याचा निर्माता मराठी मुलखाबाहेर, होळकरांच्या संस्थानात जन्मलेला होता, ही गोष्ट अनेक वाचकांना ठाऊक नसते. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' हे मुलांसाठीचे मासिक सुरू केले. मुलांसाठी लिहिणे हा त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळचा उद्योग नव्हता. बालवाङ्मय हेच त्यांनी आपले मुख्य कार्यक्षेत्र मानले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक म्हणून परिचित आहेत.

भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' आणि 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही त्यांतील गाजलेली पुस्तके. चंद्रावर आणि पृथ्वीच्या पोटात मराठी मुलांना नेऊन आणणाऱ्या याच लेखकाने पुढे आपल्या स्वतंत्र नायकासाठी मात्र सायकल हे वाहन आणि पुण्याजवळचे फुरसुंगी हे गाव निवडले. पुस्तकवेडा बिपिन बुकलवार हाही त्यांचाच मानसपुत्र. एक पायांनी धावणारा आणि दुसरा पानांवरून धावणारा, असे हे दोन नायक एकमेकांना पूरक आहेत.

स्वतःच्या नावाचीही थट्टा करण्यास भागवत मागेपुढे पाहत नसत. 'भा. रा. भागवत' या अक्षरांची गमतीदार फोड करून त्यांनी आपल्या एका पुस्तकाला 'भाराभर गवत' असे शीर्षक दिले. भागवत यांचे २७ ऑक्टोबर २००१ रोजी निधन झाले.

नायक आणि त्याचे सवंगडी

नायकाचे खरे नाव बनेश फेणे असून जवळची मंडळी त्याला बन्या म्हणतात. तो मूळचा फुरसुंगीचा, शिक्षणासाठी पुण्याच्या विद्याभवन या शाळेत आलेला. अंगाने किडकिडीत असलेला हा मुलगा धावण्यात आणि सायकल हाकण्यात कोणाला ऐकत नाही, म्हणून त्याला 'फास्टर' ही उपाधी मिळाली. सुभाष देसाई व शरद शास्त्री हे मित्र आणि माली ही बहीण ही मालिकेतील महत्त्वाची पात्रे आहेत.

बलदंड शरीर, अलौकिक शक्ती किंवा श्रीमंती यांपैकी काहीही बन्याच्या वाट्याला आलेले नाही. त्याच्याजवळ आहे ती चौकस नजर, न थकणारे पाय आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडण्याचा स्वभाव. गावाकडून शहरातल्या शाळेत आलेल्या मुलाला आपले गाव लपवावेसे वाटणे हा त्या काळातील, आणि आजचाही, नित्याचा अनुभव आहे. या मालिकेत मात्र गावाचे नाव हीच नायकाची ओळख ठरते. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' हे तर एका पुस्तकाचे शीर्षकच आहे. मराठी बालवाचकाला हा नायक आपल्यातला वाटला, याचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

नावातील गंमत

'फास्टर फेणे' या नावात अनुप्रास आहे, आणि फुरसुंगीमुळे तो 'फ' तिसऱ्यांदा येतो. फुरसुंगी या ग्रामनामात 'फुरसत' हा शब्द ऐकू आल्यासारखा वाटतो. फुरसत देणार नाही अशा मुलाला अशा गावचा रहिवासी करणे ही वाचकाला सहज जाणवणारी गंमत आहे.

'फास्टर' हे इंग्रजीतील तुलनादर्शक विशेषण आहे. मराठीत तुलना करताना विशेषणाचे रूप बदलत नाही. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय जोडून ती केली जाते, आणि कोणापेक्षा हे सांगावे लागते. 'फास्टर' या उपाधीत मात्र तो 'कोणापेक्षा' गाळलेला आहे. त्यामुळे समोर जो कोणी असेल त्याच्यापेक्षा हा वेगवान, असा अर्थ आपोआप निघतो. दोन भाषांच्या सांध्यावर उभे असलेले हे नाव मराठी शाळेतील मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द कसे मिसळत होते याचाही एक नमुना आहे.

'ट्टॉक'

आश्चर्य वाटले किंवा डोक्यात एखादी कल्पना चमकली, की बन्या जीभ टाळूवर आपटून आवाज काढतो. हा आवाज भागवतांनी 'ट्टॉक' असा लिहिला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे लेखन लक्षणीय आहे. जिभेने काढलेल्या अशा आवाजासाठी देवनागरीत स्वतंत्र अक्षर नाही. मराठी शब्दाच्या आरंभी द्वित्त व्यंजन सहसा येत नाही, आणि 'ऑ' हा स्वर मुख्यतः 'डॉक्टर', 'कॉलेज' यांसारख्या इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी वापरला जातो. म्हणजे या तीन-चार चिन्हांच्या उद्गारात मराठी लेखनाची दोन वळणे एकदम मोडलेली आहेत. तरीही हा शब्द कसा उच्चारायचा हे कोणाही वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पुस्तक वाचता वाचता मुले तो आवाज काढून पाहतात, आणि मुद्रित मजकूर अशा रीतीने प्रत्यक्ष खेळात उतरतो.

मालिकेची रचना आणि विनोद

मालिकेतील पुस्तकांची शीर्षके पाहिली तरी तिचा आवाका लक्षात येतो. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे', 'आगे बढो फास्टर फेणे' ही त्यांतील काही. 'फास्टर फेणे टोला हाणतो' हे शीर्षक तर एक पूर्ण वाक्यच आहे. शीर्षकात नायकाचे नाव असल्याने कोणतेही पुस्तक हाती आले तरी वाचकाला ते ओळखीचे वाटते, आणि आधीची पुस्तके वाचलेली नसली तरी अडत नाही. ग्रंथालयात जो भाग उपलब्ध असेल तो घेऊन वाचणाऱ्या मुलांसाठी ही रचना विशेष सोयीची ठरली.

या मालिकेतील विनोद फार्सप्रमाणे गोंधळावर उभा नाही. तो मुख्यतः भाषेतून येतो. संकट समोर असतानाही निवेदकाचा स्वर खेळकर राहतो, त्यामुळे भीती आणि हसू एकाच वेळी अनुभवास येतात. साहसकथेत हा स्वर सांभाळणे कठीण असते. विनोद वाढला तर संकट खोटे वाटते, आणि कमी पडला तर कथा उपदेशाकडे झुकते. बालवाङ्मयाने तात्पर्य सांगितलेच पाहिजे, अशी समजूत दृढ असलेल्या काळात भागवतांनी मुलांच्या आनंदालाच लेखनाचे पुरेसे प्रयोजन मानले. धैर्य, मैत्री आणि प्रसंगावधान यांचे मोल या पुस्तकांतून कळते ते घटनांमधून, शेवटी जोडलेल्या बोधवाक्यातून नव्हे.

चित्रे

फास्टर फेणेचे रूप वाचकांच्या मनात ठसवण्यात चित्रकार राम वाईरकर यांचा मोठा वाटा आहे. याच वाईरकरांनी 'अमर चित्रकथा' मालेतील 'कृष्ण' या पुस्तकाची चित्रे काढली, आणि 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकातील सुप्पंडी या भोळसट पात्रालाही त्यांनीच आकार दिला. पौराणिक देवता, भोळा नोकर आणि पुण्यातला शाळकरी मुलगा अशी तीन परस्परभिन्न पात्रे एकाच हातून उतरली आहेत.

रूपांतरे

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या मालिकेत सुमीत राघवन यांनी बालकलाकार म्हणून फास्टर फेणेची भूमिका केली. पुढे ते मराठी रंगभूमी आणि हिंदी दूरचित्रवाणी मालिकांतील नामवंत अभिनेते झाले.

'फास्टर फेणे' हा मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे, लेखन क्षितिज पटवर्धन यांचे होते. अमेय वाघ यांनी नायकाची, तर गिरीश कुलकर्णी यांनी खलनायकाची भूमिका केली. मूळ पुस्तकांतील शाळकरी बन्या येथे प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण दाखवला आहे. म्हणजे पुस्तकांत शाळेतच राहिलेला नायक पडद्यावर मोठा झाला.

काही उल्लेखनीय योगायोग

चित्रपटाची प्रदर्शन-तारीख आणि भागवतांच्या निधनाची तारीख एकच, २७ ऑक्टोबर ही आहे. दोहोंमध्ये बरोबर सोळा वर्षांचे अंतर आहे.

ज्या महिन्यात हा चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत अकरा गावे समाविष्ट करण्यात आली आणि त्यांत फुरसुंगीचाही समावेश होता. शिक्षणासाठी गाव सोडून पुण्याला आलेल्या नायकाचे गावच अशा रीतीने पुण्यात आले.

चित्रपटात भा. रा. भागवत यांचे पात्र दिलीप प्रभावळकर यांनी साकारले. प्रभावळकर हे 'बोक्या सातबंडे' या विनोदी बालपुस्तकमालिकेचे लेखक असून तिच्यासाठी त्यांना २०११ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तिच्यावर २००९ मध्ये चित्रपटही आला होता. त्याआधी दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचा चिमणरावही त्यांनीच साकारला होता. मराठी विनोदी वाङ्मयातील तीन ठळक नावांशी, कधी लेखक तर कधी नट म्हणून, एकाच कलावंताचा असा संबंध आला.

इतर मालिकांशी तुलना

मराठीत फास्टर फेणेच्या आधी ना. धों. ताम्हनकर यांचा गोट्या लोकप्रिय झाला होता, आणि पुढे त्याच्यावरही दूरदर्शन मालिका आली. गोट्याचे विश्व प्रामुख्याने घर आणि आप्तेष्टांचे आहे. फेणेचे विश्व घराबाहेर, गड, जंगल आणि परप्रांतापर्यंत पसरते. बोक्या पुन्हा शहरी घर आणि शेजार यांच्याकडे वळतो. या तीन नायकांच्या क्रमात मराठी मध्यमवर्गीय मुलाला मिळालेल्या मोकळ्या जागेचा आलेख पाहता येतो.

बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये फेलूदा हा नायक 'संदेश' या मुलांच्या मासिकातून आणला. इंग्रजीत रिचमल क्रॉम्प्टन या शिक्षिकेच्या विल्यम या खोडकर नायकाचे पहिले पुस्तक १९२२ मध्ये, तर शेवटचे लेखिकेच्या निधनानंतर १९७० मध्ये आले. या संपूर्ण काळात विल्यम अकराच वर्षांचा राहिला. फास्टर फेणेही वीस पुस्तकांत शाळकरीच राहतो. वाचक मोठे होतात, नायक होत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या पिढीला तो समवयस्क म्हणून भेटतो.

महत्त्व आणि मर्यादा

मालिकेचे जग मुख्यतः मुलग्यांचे आहे. मालीसारखे धीट पात्र असले तरी कथेचा केंद्रबिंदू बन्याच राहतो. पुण्याच्या शाळा, सायकली आणि बोलण्याची लकब यांचे संदर्भही आजच्या वाचकाला काही ठिकाणी समजून घ्यावे लागतात. तथापि याच संदर्भांमुळे, सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याचे एका मुलाच्या नजरेतून टिपलेले चित्र या पुस्तकांत जपले गेले आहे.

भाषांतरित आणि इंग्रजी विनोदी मालिका आज शहरी मुलांच्या हाती सहज पडतात. अशा वेळी मराठीत विचार करणारा, मराठीत चकित होणारा आणि मराठीत थट्टा करणारा नायक उपलब्ध असणे हे भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. मूल प्रथम ज्या भाषेतील पुस्तक वाचून मनापासून हसते, त्या भाषेकडे ते पुढे स्वेच्छेने परत येण्याची शक्यता अधिक असते. फास्टर फेणेच्या पुस्तकांचे मराठी वाचनसंस्कृतीतील स्थान या दृष्टीने पाहणे उचित ठरते.