बुळकांडी, लम्पी आणि शेळीचे उपकार

आज कांद्याचं काही नाही, बैलाचं लिहितो.

२०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात, रावेरकडे लम्पी दिसली. सप्टेंबरात बैलबाजार बंद झाले. नामपुरात लस आली तेव्हा मी गायांना टोचून घेतली, बैलजोडी मात्र ठेवली. औताची कामं चालू होती आणि लस दिली की दोन दिवस ताप येतो, बैल बसून राहतो, असं पारावर ऐकलेलं. म्हटलं, पुढच्या फेरीला बघू. पुढची फेरी यायच्या आत डाव्या बैलाच्या मानेवर गाठी उठल्या. बाराव्या दिवशी तो गेला. चूक माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

खड्ड्यात चुना टाकताना आमचे थोरले काका एवढंच म्हणाले, "बुळकांडीत पण असंच केलं लोकांनी." त्यांच्या लहानपणी टोचणारा आला की लोक ढोरं मोसमच्या काठाला बाभळीत नेऊन लपवायचे. हा शब्द पोरांना आता माहीत नाही. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका खुंट्याला लागली की गोठा मोकळा.

मग मी वाचायला बसलो. या रोगावरचं आपल्या देशातलं संशोधन सुरू झालं ते आपल्या पुण्यात. सरकारने नेमलेल्या आयोगाने १८७१ मध्ये ढोरांच्या साथींवर अहवाल दिला होता. त्यानंतर अठरा वर्षांनी, ९ डिसेंबर १८८९ ला, पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या इमारतीत इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. प्रमुख होते अल्फ्रेड लिंगार्ड. पण इतका पसरणारा रोग भरवस्तीत हाताळायचा कसा? उष्णतेचाही त्रास होताच. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली, साडेसात हजार फुटांवर, जंगलात. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉखही तिथे जाऊन आले. क्षयाचा जंतू शोधणारे हेच ते. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवरच काम करत होते. आफ्रिकेत त्या दशकात या रोगाने गुरांचे कळपच्या कळप संपवले होते.

त्या वेळी विषाणू म्हणजे काय हेच नीट कळलेलं नव्हतं. बुळकांडीचं कारण जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार होतं, हे १९०२ मध्ये इस्तंबूलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. मुक्तेश्वरला आधी सीरम तयार होऊ लागलं. त्याचं संरक्षण थोडेच दिवस टिकायचं. मग एका बाजूला सीरम आणि दुसऱ्या बाजूला रोगी जनावराचं रक्त, असं दोन्ही एकदम टोचायचे. जनावर वाचलं तर जन्माचं सुटलं, पण त्या रक्तातून दुसरेही रोग जायचे. लोक ढोरं लपवत होते ते उगाच नाही, हे मला इथे कळलं.

खरी वाट शेळीने दाखवली. मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा नेला. होता होता १९२० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की शेळीत मुरलेला हा विषाणू आपल्या देशी गुरांना मारत नाही, थोडा ताप देतो आणि संरक्षण देऊन जातो. विलायती आणि संकरित जनावरांना मात्र तो जड जायचा. त्यांच्यासाठी पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली सौम्य लस आली. पण १९५४ मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती शेळीच्याच लसीवर. शेवटची साथ १९९५ ची. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर असा पुसला गेलेला हा दुसराच रोग.

आता लम्पीकडे. २०२२ मध्ये आपल्या गुरांना टोचली तीही शेळ्यांच्या देवीची लस. तिची तऱ्हा वेगळी. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला अडवते. खास लम्पीची लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या आयव्हीआरआयबरोबर केली. हे आयव्हीआरआय म्हणजे १८८९ ची पुण्याचीच प्रयोगशाळा, नाव आणि गाव बदललेली. आणि २०२२ च्या डिसेंबरात ती लस बनवायचा करार झाला तो पुन्हा पुण्याशी, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेशी.

उरलेला बैल आता नवीन जोडीदाराबरोबर चालतो, अजून थोडा उजवीकडे ओढतो. या वर्षी मृगाच्या आधीच दोघांना टोचून घेतलं. नव्याला टोचल्या जागी सुपारीएवढी सूज आली, एक दिवस वैरण कमी खाल्ली. तिसऱ्या दिवशी औताला जुंपला.