मालवाहू ट्रकचालकांची विश्रांती : कायदा काय सांगतो?

ग्वाल्हेरनजीकच्या मालनपूर औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेला ट्रक शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे या मार्गाने पणजीला येतो, तेव्हा त्याने सुमारे सोळाशे किलोमीटर अंतर कापलेले असते. ताशी सरासरी चाळीस किलोमीटर वेग धरल्यास ही चाळीस तासांची वाहनचालना होते. एकट्या चालकाने ती किती दिवसांत पूर्ण करावी, याचे उत्तर कायद्यात आहे.

कामाचे तास : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ नुसार परिवहन वाहन चालवणाऱ्यांच्या कामाचे तास मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे ठरत असत. या कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सक्षम प्राधिकरणाच्या मान्यतेने ती अनुक्रमे दहा व ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे.

विश्रांती : सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामांमध्ये किमान नऊ तासांची अखंड विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टी, असे या कायद्याचे माप होते. मध्यंतरासह दिवसभराच्या कामाचा एकूण कालावधी बारा तासांपलीकडे जाता कामा नये, असेही त्यात होते.

काम कशाला म्हणायचे? : केवळ स्टिअरिंगमागचा वेळ म्हणजे काम नव्हे. माल चढवणे-उतरवणे, वाहनाची देखभाल, नोंदवह्या व हिशेब यांसाठी लागणारा वेळही कामातच मोजला जातो. गोदामात माल उतरवण्यात घालवलेली रात्र म्हणूनच विश्रांती ठरत नाही.

या हिशेबाने ग्वाल्हेर-पणजी प्रवासाला किमान पाच दिवस लागतात. दहा तासांची मान्यता असल्यास चार. माल तीन दिवसांत पोहोचवण्याची अट घातली, तर तिची भरपाई चालकाच्या झोपेतूनच होते.

बदललेली स्थिती : राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक ठेवण्याची सक्ती २०१८ मध्ये रद्द झाली. १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आठ तासांचा दिवस व जादा कामाला दुप्पट दराने मोबदला हे तिने कायम ठेवले; मध्यंतरे व एकूण कालावधी ठरवणे मात्र शासनावर सोपवले. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांत वातानुकूलित केबिनही बंधनकारक आहे.

युरोपीय संघात वाहनचालनेच्या साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा विराम आणि सामान्यतः रोज अकरा तासांची विश्रांती अनिवार्य असून टॅकोग्राफ हे यंत्र तिची नोंद ठेवते. आपल्याकडे पुरावा बहुधा कागदावरच असतो. त्यामुळे निघण्याची, थांबण्याची व माल उतरवण्याची वेळ चालकाने स्वतः रोज लिहून ठेवणे हिताचे. जादा कामाचा मोबदला मागताना किंवा अपघातानंतर जबाबदारी ठरताना हीच नोंद त्याच्या उपयोगी पडू शकते.