गंजिफा आणि चिताऱ्याचा हात

गृहस्थाच्या घरातील वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही केवळ पाहावयाच्या, तर काही हाताळावयाच्या. पाहावयाच्या वस्तूस कोनाडा पुरतो. हाताळावयाच्या वस्तूस मात्र माणसे लागतात. आपल्या शेजारच्या सावंतवाडीत घडणारा दशावतारी गंजिफा हा मुळात दुसऱ्या प्रकारचा. त्यास पहिल्या प्रकारात ढकलण्याचे कार्य काळाने केले. ह्या स्थित्यंतराचा इतिहास केवळ एका खेळाचा नसून, हस्तकलेचे आयुष्य कशावर अवलंबून असते ह्याचाही तो इतिहास होय.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेल्या गोल पानांचा जोड. ह्या खेळाचे मूळ इराणी असून १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. हिंदुस्थानातील ही त्याची सर्वांत जुनी नोंद मानतात. अकबराच्या काळी अबुल फजलाने बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन करून ठेवले. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली जोड सर्वत्र रूढ झाला. तथापि बादशाही दरबारातील हा खेळ हिंदू संस्थानिकांच्या वाड्यांत आणि शास्त्री-पंडितांच्या ओसरीवर आला, तेव्हा त्याने आपला वेष पालटला. तख्त-ताजाच्या जागी श्रीविष्णूचे दहा अवतार आले. प्रत्येक अवतारास राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा अशी बारा पाने. म्हणजे एकूण १२० पाने झाली. मत्स्यास मासा, कूर्मास कासव, परशुरामास परशू, श्रीरामास बाण अशी चिन्हे ठरली. बंगालमधील बिष्णुपूर येथेही दशावतारी पाने रंगविली जातात, आणि ओरिसातील जोडांत नवव्या अवताराच्या स्थानी श्रीजगन्नाथ विराजमान झालेले दिसतात. एकच खेळ, परंतु प्रत्येक प्रांताने त्यात आपले दैवत पाहिले. नवग्रहांचाही एक गंजिफा आहे. नऊ रंगांची बारा-बारा पाने मिळून त्याची संख्या १०८ होते, हे जपमाळ ओढणाऱ्यांच्या सहज ध्यानात येईल.

खेळाचे नियमही मोठे मार्मिक आहेत. खेळणारे साधारणतः तिघे असतात, आणि त्यात हुकूम नसतो. दिवसा डाव मांडला तर पहिली उतारी श्रीरामाची. रात्री मांडला तर श्रीकृष्णाची. दहांपैकी पाच रंगांत राजा-वजिरानंतर दश्शी श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. उरलेल्या पाचांत हा क्रम नेमका उलटा. पडून गेलेली पाने मनात ठेवल्यावाचून ह्या खेळात निभाव लागत नाही. स्मरणशक्तीचा एवढा कस पाहणारा, आणि खेळता खेळता भगवंताचे नाव मुखी आणणारा हा खेळ पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या विद्वानांस प्रिय झाला, ह्यात नवल ते काय?

सावंतवाडीस हा खेळ तेलंगणातून दरबारी आलेल्या विद्वानांमुळे, तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकीर्दीत (१७५५ ते १८०३) रुजला, असे परंपरा सांगते. तेथे पाने रंगविण्यास हात तयारच होते. चितारी मंडळी लाकडावरील लाखकामात निष्णात होती, आणि चितारआळी हा त्या गावचा भाग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गोव्यातही चितारी समाजाने पाट, चौरंग, पाळणे रंगविले आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल १८ व्या शतकाच्या अखेरपर्यंत सावंतांच्याच अमलाखाली होते, हे आठवले म्हणजे ह्या कलेस आजची सीमा ठाऊक नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

पान सिद्ध करण्याची रीत अशी. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, त्यांवर खडूचा लेप देऊन ते घोटून गुळगुळीत करावयाचे, मग गोल कापून कुंचल्याने चित्र काढावयाचे, आणि शेवटी लाखेचा हात देऊन पान पक्के करावयाचे. पाठ सर्व पानांची एकसारखी हवी. एका पानावर जरी वेगळी खूण राहिली, तरी डाव फुटला! खेळ हाच येथे कारागिराचा परीक्षक होता. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंती पानेही होत, आणि सामान्यांसाठी साधी. चित्र बारीक असो वा ढोबळ, पान हातात बसावे आणि चिन्ह चटकन ओळखू यावे, ही अट दोहोंस सारखीच होती.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून स्वस्त छापील पत्ते येऊ लागले. बावन्न पानांचा खेळ सोपा, आणि जोड अल्प किमतीचा. गंजिफा खेळणारे उणावले, तसे रंगविणारेही उणावले. चिताऱ्यांचे इतर काम मात्र टिकून राहिले. पाट, पाळणा, देव्हारा, चैत्रगौरीच्या आराशीत मांडावयाची लाकडी आंबा-केळी-वांगी ह्यांना घरात मागणी होती. एकाच आळीतील, एकाच हाताची ही दोन कामे. एक तगले आणि दुसरे विझू लागले. हात तोच होता. भेद पडला तो केवळ उपयोगाचा.

२० व्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर हयात होते. शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच लाखकामाची कर्मशाळा उघडली. शिवरामराजे १९९५ साली निवर्तले. त्यानंतर सत्त्वशीलादेवींनी २०१८ साली आपल्या निधनापर्यंत हे कार्य चालविले. ज्यांच्या पूर्वजांनी चिताऱ्यांस आश्रय दिला, त्यांनीच एका चिताऱ्याचे शिष्यत्व पत्करावे, ही गोष्ट आपल्या कलेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी नोंदविण्याजोगी आहे. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफास भौगोलिक मानांकनही लाभले.

तरीही एक प्रश्न उरतोच. आज गंजिफ्याची चित्रे चौकटीत जातात, डब्यांवर आणि तबकांवर उतरतात. त्यामुळे कारागिराच्या घरची चूल पेटते. म्हणून त्यास नाक मुरडणे योग्य होणार नाही. परंतु चौकटीतल्या पानाची पाठ कोणी पाहत नाही, आणि जी पाठ कोणी पाहत नाही ती नेटकी ठेवण्याचा आग्रह हळूहळू सुटत जातो. मानांकनाने नाव राखले जाईल. हात राखावयाचा तर वस्तू वापरात हवी.

आपल्या देवस्थानांच्या उत्सवांत, रामनवमीस अथवा गोकुळाष्टमीच्या जागरणास, अग्रशाळेत गंजिफ्याचा एक डाव मांडणे अवघड आहे काय? दिवसा श्रीरामाची उतारी, रात्री श्रीकृष्णाची. नियम तर जणू ह्या तिथींसाठीच घडविलेले! मुले तो शिकतील, एखादे कुटुंब जोड विकत घेईल, आणि चितारआळीतील कुंचल्यास पुन्हा खेळणाऱ्यासाठी रंगविण्याचे काम मिळेल. कलेची पूजा पुष्कळ झाली. आता तिच्याशी चार घटका खेळावे, हेच तिच्या हिताचे आहे.